सूर्याची दोन लेकरं

खानदेशातला मे महिना जाड कादंबऱ्यांचा असतो. सकाळी अकरानंतर जळगावच्या बाजारपेठेत माणूस दिसेनासा होतो, धुळ्याच्या आग्रा रोडवर दुकानदार अर्धं शटर ओढून पंख्याखाली बसतात, पारा ४४-४५ला टेकलेला असतो आणि दिवस कलेपर्यंत घराबाहेर पडायला काही कारण उरत नाही. अशा वेळी दोनशे पानांचं पुस्तक पुरत नाही. मधेच डोळा लागला तरी हरकत नाही. जाग आल्यावर पान सापडलं पाहिजे आणि पुढं अजून चारशे पानं शिल्लक आहेत हा दिलासा पाहिजे. जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय यांच्या जिवावर आमच्याकडच्या कित्येक पिढ्यांनी ही सवय लावून घेतली. परीक्षेसाठी वाचायचं ते वेगळं आणि धाब्याच्या घरात, सारवलेल्या जमिनीवर पालथं पडून वाचायचं ते वेगळं. मी लिहितो आहे ते या दुसऱ्या वाचनाबद्दल.

शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली आली. सावंत तेव्हा सत्ताविशीच्या आसपासचे, कोल्हापुरात शाळामास्तर. मेडलिन मिलर या अमेरिकन लेखिकेची 'सर्सी' २०१८ची; मिलरबाईही शाळेतल्या मुलांना लॅटिन आणि ग्रीक शिकवायच्या. सावंतांचा कर्ण हा सूर्याचा मुलगा. मिलरबाईंची सर्सी ही ग्रीकांच्या सूर्यदेवाची, हेलिओसची मुलगी. एकाला आईनं पाण्यात सोडलेलं, दुसरीला बापानं बेटावर टाकलेलं. आणि दोन्ही कादंबऱ्यांत ही लेकरं आपली गोष्ट आपल्या तोंडानं सांगतात. दोन्ही पुस्तकं पाठोपाठ हाती आली हा योगायोग होता, पण एकदा शेजारी ठेवल्यावर ती वेगळी काढता येईनात. बाहेर त्यांचा बाप माथ्यावर उभा होताच.

'मृत्युंजय' उघडते तेव्हा बोलणारा कर्ण मेलेला आहे. तो हे लपवत नाही. मेलेला माणूस बोलेल कसा, ही वाचकाची शंका तो स्वतःच पुढं आणतो आणि मेलेल्याला बोलायची वेळ आली याचा ठपका जिवंतांवर ठेवून मोकळा होतो. पोथीतल्या पात्राला ही घाई कधी नसते. त्याची गोष्ट सांगायला सूत असतो, वैशंपायन असतो, गावात कीर्तनकार असतो. इथं पात्रच सगळ्यांना बाजूला सारून पुढं आलं आहे. शिवाय पहिल्याच पानावर शेवट सांगून टाकल्यामुळं एक मोठी सोय होते. कर्ण मरणार हे मराठी घरातल्या सहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. रथाचं चाक रुतणार, विद्या आठवणार नाही, बाण लागणार. ज्या गोष्टीचा शेवट आधीच ठाऊक आहे ती सातशे-आठशे पानं का वाचायची? या प्रश्नाला टाळण्याऐवजी सावंत तो वाचकाच्या हातातच देतात. पुढं काय होणार हे विचारायचं नाही असं एकदा ठरलं की माणूस शब्दांकडं, माणसांकडं, छोट्या हालचालींकडं बघायला लागतो. शोणासारखा, महाभारतात जवळजवळ जागाच नसलेला धाकटा भाऊ लक्षात राहतो तो यामुळं. रथामागं धावणारं ते पोर चंपानगरीच्या रस्त्यावरून थेट वाचकाच्या घरात शिरतं.

कादंबरीचे नऊ भाग आहेत आणि सांगणारे सहा: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. त्यांतले चार भाग कर्णाचे. ही नुसती वाटणी वाटेल, पण माझ्या मते कादंबरीचा खरा पराक्रम या वाटणीत आहे, युद्धवर्णनांत नाही. पहिला भाग कर्णाचा. त्यात तो स्वतःला अधिरथाचा मुलगा समजतो. अंगावरची कवचकुंडलं त्याला कोड्यात टाकतात, पण कोडं सुटत नाही. दुसरा भाग कुंतीचा. पृथा नावाची मुलगी शूरसेनानं कुंतिभोजाला देऊन टाकली, दुर्वासाची सेवा तिच्या वाट्याला आली, मंत्र मिळाला आणि पोर झालं; ते पेटीत घालून अश्वनदीत सोडलं, तिथून चर्मण्वती, यमुना, गंगा असा प्रवास करत ती पेटी अंगदेशात पोहोचली. हे सगळं आपल्याला आता कळतं. कर्णाला कळत नाही. तिसऱ्या भागात तो पुन्हा बोलू लागतो तेव्हा आपण पहिल्या भागातले वाचक उरलेलो नसतो. तो 'माझी आई' म्हणतो ते राधेबद्दल, आणि आपल्याला त्या दोन शब्दांमागं दुसरी एक बाई उभी दिसते. सावंतांनी कुंतीचा भाग शेवटाकडं टाकला असता तर तो गौप्यस्फोट झाला असता, नाटकातल्या तिसऱ्या अंकासारखा. दुसऱ्या क्रमांकावर ठेवल्यामुळं पुढची सगळी कादंबरी वाचकाला एका गुपिताचा भागीदार होऊन वाचावी लागते. सांगता येत नाही आणि गिळवतही नाही, अशी आपली अवस्था होते. कुंतीची आयुष्यभर होती तशीच.

रंगभूमीवरच्या परीक्षेचा प्रसंग या दृष्टीनं पुन्हा वाचावा. अर्जुनाचं कसब दाखवून झालं आहे, कर्ण पुढं येतो, कृपाचार्य त्याचं कुळ विचारतात, दुर्योधन त्याला तिथल्या तिथं अंगदेशाचा राजा करतो. आणि नेमका तेव्हा म्हातारा अधिरथ घामाघूम होऊन, काठी टेकत येतो. कर्ण त्याच्यापुढं वाकतो. अभिषेकाच्या पाण्यानं डोकं अजून ओलं आहे. हे ओलं डोकं व्यासांचं आहे, सावंतांचं नाही. मूळ महाभारतात ते एका ओळीत येऊन जातं. प्रेक्षकांत कुंती बेशुद्ध पडते, भीम चाबूक हातात घ्यायचा सल्ला देतो. चांगल्या पुनर्कथनाची माझी कसोटी साधी आहे: मूळ ग्रंथातली अशी ओळ त्यानं ऐकली का? 'मृत्युंजय'चा लेखक अशा ओळी ऐकतो आणि त्यांच्याभोवती घर बांधतो. कधीकधी घर जरा जास्तच मोठं होतं, ते पुढं सांगतो.

उद्योगपर्वात याहून सुंदर जागा आहे. युद्ध ठरलं आहे. कुंती गंगेच्या काठी कर्णाला भेटायला जाते. तो सूर्याकडं तोंड करून, हात वर करून जप करतो आहे. पाठ तापेपर्यंत जप थांबवायचा नाही असा त्याचा नेम. कुंती मागं उभी राहून वाट बघते आणि उन्हानं इतकी कासावीस होते की कर्णाच्याच उत्तरीयाच्या सावलीत सरकते. जिनं पोराला सावलीतून बाहेर टाकलं ती त्याच पोराच्या वस्त्राच्या सावलीला उभी आहे, आणि वर तापवणारा कोण, तर त्या पोराचा बाप. तिघांचं कुटुंब एवढा एकच वेळ एकत्र आलेलं दिसतं. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ही जागा काव्यमय वाटत असेल. यावल-रावेरकडचा माणूस, ज्यानं केळीच्या बागेला उन्हाच्या झळा लागू नयेत म्हणून कडेनं हिरवी जाळी बांधलेली असते, तो ती वाचून आधी विचारेल, बाई किती वेळ उभी होती? सावंतांच्या कादंबरीत कर्ण आणि सूर्य यांचं नातं शेवटपर्यंत असंच अंगाला जाणवणारं राहतं. सूर्य त्याचा देव आहे, गुरू आहे. बाप आहे हे त्याला उशिरा कळतं, पण पाठीला ते लहानपणापासून ठाऊक आहे.

आता घराच्या आकाराबद्दल. सावंतांची भाषा दागिने घालून बसलेली आहे. उपमेवर उपमा, विशेषणाला विशेषण. सोळाव्या वर्षी मला ती डोक्यावर घ्यावीशी वाटायची. आज काही पानं मी भरभर उलटतो. त्याहून मोठी अडचण अशी की दुर्योधन, शोण, वृषाली सगळे एकाच मराठीत बोलतात. सारथ्याचा पोरगा आणि हस्तिनापूरचा युवराज यांची जीभ एकसारखी संस्कृतात भिजलेली कशी? सहा निवेदक घेतले, पण आवाज दीडच आला. आणि जिथं कर्णाला जाब द्यायचा असतो तिथं सावंत त्याचं वकीलपत्र घेतात. भर सभेत द्रौपदीबद्दल तो जे बोलला त्याला कारण हवं म्हणून स्वयंवरातला अपमान पुढं केला जातो: सूतपुत्राला वरणार नाही असं ती म्हणाली, म्हणून हा डंख.

गंमत अशी आहे की पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेनं १९१९पासून चालवलेलं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९६६ साली पुरं झालं, म्हणजे 'मृत्युंजय'च्या आदल्याच वर्षी. द्रौपदीचं ते वाक्य संपादकांनी मूळ संहितेत ठेवलं नाही, तळटीपेत गेलं. हस्तलिखितांचा आधार पुरेसा नव्हता. म्हणजे कादंबरीची एक मोठी तुळई ज्या खांबावर टेकली आहे तो खांब पंडितांनी काढून टाकलेला. आणि तरी कादंबरी उभी राहिली, कारण लोकांच्या कानात ते वाक्य होतं. इरावती कर्वे यांचं 'युगान्त'ही १९६७चंच. बाईंनी चिकित्सक आवृत्ती समोर ठेवून कर्णाकडं थंड डोक्यानं पाहिलं आणि त्याच्या मोठेपणाला असलेल्या चिरा दाखवल्या. दुर्गाबाई भागवतांचं 'व्यासपर्व' त्याआधी १९६२ साली आलं होतं. एका पाच-सहा वर्षांच्या अवधीत मराठीला तीन वेगळ्या रीतींनी महाभारत मिळालं. 'युगान्त' वाचून झाल्यावर 'मृत्युंजय' वाचू नये असं काही जण म्हणतात. मला उलट वाटतं. इरावतीबाई मनात असल्या की सावंतांच्या प्रत्येक सफाईजवळ आपण थांबतो, आणि ते थांबणंही वाचनातलं सुखच आहे.

सुखाचा विषय निघाला की आमच्याकडं एक नाव घ्यावंच लागतं. भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. त्यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती सांगितल्या आणि त्यांना आरंभीच्या तीन कादंबऱ्यांची नावं दिली: १८५७ची 'यमुनापर्यटन', १८६१ची 'मुक्तामाला', १८७१ची 'मोचनगड'. पहिली वास्तवाकडं तोंड करून उभी, दुसरी मनोरंजनाच्या अद्भुतात रमणारी, तिसरी वास्तवाचा आभास घडवून भूतकाळात नेणारी. नेमाड्यांची पसंती कुठं हे सांगायला नको. त्यांच्या 'टीकास्वयंवर'मधली ही मांडणी वाचल्यावर राजे-महाराजे, देव-दानव असलेली कादंबरी हातात धरताना मराठी वाचक जरा ओशाळतो. मीही दबकतो. 'कोसला' वाचणारा माणूस आहोत असं चारचौघांत सांगतो आणि 'मृत्युंजय' उशीखाली ठेवतो. पण मला नेमाड्यांशी एक भांडण आहे. त्यांच्या गावाभोवतीच्या माणसांना महाभारत हा भूतकाळ वाटत नाही, मग ते पळून जायचं ठिकाण होईल कसं?

धुळ्याहून जळगावला एसटीनं निघालं की पारोळा जातं, मग एरंडोल येतं. एरंडोल म्हणजे एकचक्रानगरी, असं इथं पिढ्यानपिढ्या सांगतात. गावात पांडववाडा आहे. जवळच्या पद्मालयाला गणपतीचं देऊळ आहे आणि त्याच रानात भीमानं बकासुर मारला असं मानतात. कंडक्टर 'एरंडोल, एरंडोल' म्हणून ओरडतो तेव्हा गाडीत 'मृत्युंजय' वाचणाऱ्यानं खिडकीतून बाहेर बघितलं तर पांडवांचा पत्ता त्याला समोर दिसतो. इतिहासाच्या कसोटीवर यातलं काय टिकेल हा प्रश्न निराळा. इतर प्रांतांतही एकचक्रेवर हक्क सांगणारी गावं आहेत. पण वाचकाच्या अंगवळणी काय पडलं आहे, एवढंच मला सांगायचं आहे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत जळगावकडच्या पोरी भुलाबाई मांडतात, तेव्हा शंकर-पार्वतीचा संसार त्या आपल्याच घरातला करून टाकतात: सासर, माहेर, रुसवे, डोहाळे. कैलासाचा तिथं मागमूस नसतो. देवाची गोष्ट घरातल्या बाईच्या तोंडून सांगायची ही रीत इथं शाळकरी पोरींच्या हाती आहे. परदेशात अलीकडं अशा कादंबऱ्यांची लाट आली: मार्गारेट ॲटवुडनं २००५ साली पेनेलोपीला बोलतं केलं, पॅट बार्करनं २०१८ साली अकिलीसच्या छावणीतल्या ब्रिसेइसला. तिथल्या लोकांनी तिचं नवल केलं. भुलाबाईची गाणी म्हणून मोठ्या झालेल्या बाईला त्यात नवल वाटू नये.

'सर्सी'कडं येतो. होमरच्या 'ओडिसी'त सर्सीला एवढीशी जागा आहे. ती एका बेटावर राहणारी जादूगारीण, ओडिसिअसच्या खलाशांना डुकरं करते, मग ओडिसिअसपुढं नमते, त्याला वर्षभर ठेवून घेते आणि वाट सांगून निरोप देते. मिलरबाईंनी तिचा जन्म, बालपण, वनवास, बाळंतपण, म्हातारपणाचा विचार असं सगळं आयुष्य रचलं. पण त्यांचं खरं कौशल्य मला एका लहान गोष्टीत दिसलं. होमर सर्सीचं वर्णन करताना ती माणसाच्या वाणीनं बोलणारी देवता असल्याचं सांगतो. त्या विशेषणाचा अर्थ काय लावायचा यावर पंडितांनी डोकी खाजवली. मिलरबाईंनी त्यावर कादंबरी उभी केली. त्यांची सर्सी लहान असताना तिच्या आवाजाला देवलोकात सगळे हसतात. बारीक, चिरका, कानाला न सोसणारा. हेलिओसच्या काळ्या चकचकीत दगडांच्या महालात ती बापाच्या पायाशी बसते आणि गप्प राहायला शिकते. पुढं कधीतरी हर्मीस तिला सांगतो की हा आवाज वाईट नाही, हा मर्त्य माणसांचा आवाज आहे. आता लक्षात घ्या, ही कादंबरी तिच्याच आवाजात चालू आहे. ज्या आवाजाला देव हसले तोच आवाज आपण इतकी पानं ऐकत आलो आणि आपल्याला तो खटकला नाही, कारण आपण मर्त्य आहोत. वाचकाला हे कुणी समजावून सांगत नाही. त्याचं त्याला कळतं, आणि कळलं की पुस्तक मांडीवर ठेवून जरा हसू येतं.

बाप म्हणून दोन सूर्य किती निराळे! कर्णाचा सूर्य दूर आहे, पण आपला आहे. इंद्र कवचकुंडलं मागायला येणार हे तो स्वप्नात येऊन पोराला सांगतो. पोरगं ऐकत नाही ही गोष्ट वेगळी. सर्सीचा सूर्य जवळ आहे आणि परका आहे. तो रोज रथ घेऊन आभाळात जातो, संध्याकाळी परत येतो, स्वतःच्या गाईंचं कौतुक करतो, स्वतःच्या तेजाकडं बघून खूश होतो. मुलीकडं बघायला त्याला फुरसत नाही, आणि बघतो तेव्हा ती भाजते. अक्षरशः, तिच्या शब्दावर चिडून तो तिला जाळतो. प्रोमिथिअसला शिक्षा होते त्या दिवशी सगळे देव तमाशा बघून निघून जातात आणि ही पोरगी मागं राहून त्याला प्यायला अमृत नेऊन देते. कर्णाचं दानशूरपण हजार वर्षं गाजतं आहे. सर्सीचं हे पहिलं दान कुणी पाहिलं नाही, तिनंही सांगितलं नाही. मला ते कर्णाच्या दानांपेक्षा जास्त आवडलं. त्यामागं व्रत नाही, कीर्ती नाही, हातून सुटलेली एक गोष्ट आहे एवढंच.

मिलरबाई वकिली करत नाहीत, निदान सावंतांइतकी नाही. ग्लॉकस नावाच्या कोळ्यावर सर्सीचा जीव जडतो, तिच्या वनस्पतींनी तो देव होतो आणि देव झाल्यावर सिला नावाच्या अप्सरेमागं लागतो. सर्सी सिलेच्या तळ्यात रस ओतते आणि सिलेची सहा तोंडांची राक्षसीण होते, पुढं खलाशांना खाणारी. हे पाप कादंबरी विसरत नाही. दर थोड्या पानांनी सिलेनं खाल्लेल्या माणसांचा हिशेब सर्सी आपल्याच खात्यावर लिहिते. कर्णाच्या तोंडी असा हिशेब आणायची हिंमत सावंतांनी केली असती तर 'मृत्युंजय' आणखी मोठी झाली असती. खलाशांची डुकरं होण्याची गोष्टही इथं उलटी होऊन येते. बेटावर एकट्या राहणाऱ्या बाईनं आलेल्यांना जेवू घातलं आणि त्यांच्या म्होरक्यानं तिच्यावर बळजबरी केली. त्यानंतर जे पाहुणे येतात त्यांच्यासाठी प्याल्यात काय घालायचं ते तिनं ठरवून ठेवलं आहे. होमरकडं हे कारण नाही. कारण पुरवणं हा पुनर्कथनाचा धंदाच आहे; फरक एवढाच की सावंतांचं कारण नायकाला सोडवतं, मिलरबाईंचं कारण नायिकेला आणखी अवघड करून ठेवतं.

'सर्सी'तही कंटाळा आहे, तो लपवत नाही. मधल्या भागात ती कादंबरी कमी आणि ग्रीक पुराणांची सहल जास्त वाटते. डेडलस येतो, मिनोटॉर जन्मतो, मेडिया येऊन जाते, प्रत्येक जण दारावर टकटक करून आपली गोष्ट सांगून पुढं जातो. बेटावर एकटी टाकलेली म्हणायचं आणि पाहुण्यांना खंड नाही! तरी भाषेत मिलरबाई संयम राखतात. वाक्य आटोपशीर, उपमा बेताच्या. 'मृत्युंजय'मधल्या पक्वान्नांनंतर ही कळण्याची भाकरी आणि ठेचा मला मानवला.

मिलरबाईंची आधीची कादंबरी २०११ची, अकिलीसची. २०१२ साली तिला ऑरेंज पारितोषिक मिळालं. ती सांगतो पॅट्रोक्लस, अकिलीसचा जिवलग. ज्यानं 'इलियड' ऐकलं आहे त्याला ठाऊक आहे की पॅट्रोक्लस अकिलीसच्या आधी मरतो. मग पुढचं कोण सांगणार? मिलरबाई पॅट्रोक्लसला मेल्यावरही बोलत ठेवतात. त्याच्या नावाचा दगड लागेपर्यंत तो आत्मा भटकत राहतो आणि सांगत राहतो. सावंतांपुढं हाच पेच चव्वेचाळीस वर्षं आधी होता. त्यांचा कर्ण तर पहिल्या पानापासून मेलेलाच. तो आपलं मरण सहज सांगू शकला असता. पण सावंतांनी शेवटचा भाग काढून कृष्णाच्या हाती दिला. ज्यानं मारवलं त्यानंच सांगायचं. कर्णाच्या चार भागांत जी बाजू मांडून झाली तिच्यावर शेवटी विरुद्ध बाजूच्या सारथ्याची साक्ष येते, आणि ती साक्ष दुःखाची आहे. कर्ण स्वतः बोलला असता तर तो विलाप झाला असता. अर्जुन बोलला असता तर पश्चात्ताप. कृष्ण बोलतो तेव्हा या दोन्हींच्या पलीकडचं काही येतं, कारण सगळं आधीपासून ठाऊक असलेला तो एकटाच आहे. म्हणजे वाचकासारखा. गोष्टीचा शेवट ठाऊक असूनही तिच्यातून चालत गेलेला.

सातपुड्यात, आज नंदुरबार जिल्ह्यात आणि १९९८च्या १ जुलैपर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या धडगावच्या डोंगरांत, अस्तंबा नावाचं शिखर आहे. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, तिथं यात्रा भरते. अस्तंबा ऋषी म्हणजे अश्वत्थामा. कृष्णाच्या शापानं तीन हजार वर्षं भटकायला लावलेला, कपाळाची जखम भरत नसलेला. तो जखमेवर लावायला तेल मागत फिरतो असं इथली माणसं सांगतात. वाट चुकलेल्याला रस्ता दाखवतो असंही सांगतात. पलीकडं बुऱ्हाणपुराजवळ असीरगडच्या महादेवाला पहाटे फूल वाहून जाणाराही तोच. सावंतांच्या हस्तिनापुरात कर्णाशी मोकळेपणानं बोलणारे जे थोडे लोक आहेत त्यांत अश्वत्थामा आहे, आणि 'मृत्युंजय' वाचताना खानदेशी वाचकाची नजर त्याच्याकडं वळतेच. इतर पात्रं मेली. हा अजून आपल्या तालुक्यात आहे.

'सर्सी'च्या शेवटी सर्सी अमरपण टाकून द्यायचं ठरवते. देवांचं न संपणारं आयुष्य तिला पुरे झालं आहे. इंग्रजी वाचणाऱ्या ओळखीच्या काही जणांना हा शेवट ओढूनताणून आणलेला वाटला: मिळालेलं कोण सोडतं? अस्तंब्याची वाट चढून आलेल्या माणसाला हा प्रश्न पडणार नाही. न मरणं म्हणजे काय, ते त्यानं वाटीभर तेलावरून ओळखलेलं असतं.

गेल्या काही वर्षांत महाभारतावरच्या मराठी कादंबऱ्या थांबलेल्या नाहीत. २०२४च्या फेब्रुवारीत अमळनेरला सत्त्याण्णवावं साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष रवींद्र शोभणे. त्यांची 'उत्तरायण' ही महाभारतावरचीच. मला यापुढं वाचायची आहे ती अश्वत्थाम्यानं स्वतः सांगितलेली गोष्ट, आणि ती तळोदा-धडगावकडच्या कुणीतरी लिहिलेली हवी. हस्तिनापुरात फार वेळ घालवू नये तिनं. द्रोणांच्या घरचं दुधाऐवजी पाण्यात कालवलेलं पीठ, सौप्तिकाची रात्र, मणी काढून घेतलेलं कपाळ, एवढं झालं की लगेच सातपुड्यात यावं. मग सागाचे ठेके, जंगल खात्याच्या चौक्या, धरणाखाली गेलेली गावं, रोजगाराला गुजरातेत उतरणारी माणसं हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून जाऊ द्यावं. तो कुठं जाणार आहे? पॅट्रोक्लसला मेल्यावर बोलावं लागलं, कर्णाला शेवटचा भाग कृष्णाकडं सोपवावा लागला. या निवेदकाची अडचण नेमकी उलटी असेल. लेखकाला पानं कुठं थांबवायची ते स्वतःच ठरवावं लागेल, आणि ती जाड झाली तर मे महिन्यात आमची तक्रार नाही.